तिच्या नावाचं ड्रॉइंग

ते ड्रॉइंग मी बदललं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर यायला मला काही वर्षं लागली, आणि तोवर त्याची शिक्षा दुसऱ्याच माणसाने भोगली.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग विभागाचा प्रमुख आहे. विभाग म्हणजे शेडला लागून असलेली पत्र्याची एक खोली, त्यात टेबलं, कॉम्प्युटर आणि उन्हाळ्यात ओल्या गवताचा वास सोडणारा एक कूलर. आम्ही शेतीपंपांच्या बैठका बनवतो. बैठक म्हणजे जाड लोखंडी प्लेट, जिच्यावर पंप आणि मोटर शेजारी शेजारी बोल्टने आवळून बसवतात. आमचा बराचसा माल उजनीच्या काठच्या गावांत जातो. उन्हाळा वाढेल तसं धरणाचं पाणी मागे सरकतं, शेतकरी आपले पंप पाण्यामागे खाली खाली नेत राहतात, आणि या ओढाताणीत बैठका वाकतात, मोडतात. त्यामुळे शिमग्याच्या आसपास आम्हाला मान वर करायला सवड नसते.

बैठकीत सगळा खेळ भोकांमधल्या अंतराचा. पंपाच्या पायाला जिथे भोक असेल त्याच्या बरोबर खाली प्लेटला भोक हवं. थोडं जरी चुकलं तरी बोल्ट आत जात नाही आणि प्लेट वाया जाते.

आमची सगळी ड्रॉइंगं कॅड या सॉफ्टवेअरवर काढलेली, आणि तेव्हा ती एका सामाईक फोल्डरमध्ये असत. पासवर्ड सगळ्यांना एकच, आणि तोही मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून लावलेला. शेडमध्येही एक कॉम्प्युटर होता. फोरमन तिथे हवं ते ड्रॉइंग उघडायचा, आणि एखादं भोक इकडचं तिकडे करायचं असेल तर स्वतःच सरकवून मोकळा व्हायचा. मग जाता जाता खिडकीतून सांगायचा, "तेवढं एक सरकवलंय बरं का, सायेब." कधीकधी सांगायचं राहूनही जायचं. नवं काम आलं की आमच्यात कुणी कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करत नसे. मिळतंजुळतं जुनं ड्रॉइंग उघडायचं, त्यात फेरफार करायचे आणि नव्या नावाने सेव्ह करायचं. ही पद्धत मीच पाडली होती. यात वेळ किती वाचतो ते मी मालकांना कौतुकाने सांगत असे.

या पद्धतीतला धोका मला माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका मुलीने दाखवला. नवं नाव द्यायच्या आधीच हात सवयीने सेव्हवर गेला, तर जुनं ड्रॉइंग बदलून जातं आणि वरून काही कळत नाही. भोक सरकवलं की शेजारचा अंतराचा आकडा कॉम्प्युटर आपोआप बदलतो, त्यामुळे चुकीचं ड्रॉइंगही बरोबरच दिसतं. खालच्या चौकटीत ड्रॉइंग काढणाऱ्याचं नाव मात्र तेच राहतं.

ती शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, बाहेर मराठी. वडील टॉवेलच्या मागावर होते. पॉलिटेक्निक करून ती आमच्याकडे लागली आणि वर्षभरात माझ्याइतकं काम उरकायला लागली. तिचं ड्रॉइंग तपासताना मला चूक सापडत नसे. वरिष्ठ म्हणून मला याचा आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता, हेही इथे लिहिलं पाहिजे.

एक दिवस चहाच्या वेळी तिने विषय काढला.

"सर, पक्की झालेली ड्रॉइंगं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवू या ना. तिथली उघडून बघता येतील, बदलता येणार नाहीत. शेडला पीडीएफ द्यायची. लेझर कटिंगवाल्यांना कॅडची फाइल लागतेच, पण ती त्या बंद फोल्डरमधूनच जाईल."

"आणि मला काही बदलायचं असलं तर?"

"तुम्हालापण प्रत काढूनच बदलावं लागेल."

"म्हणजे मलाही कुलूप?"

"सगळ्यांनाच, सर. मलापण."

दारात चहाचा पेला घेऊन फोरमन उभा होता. मंद्रूपचा माणूस, बोलण्यात कुणाला ऐकायचा नाही. "मॅडम, घरात चोर हाय म्हनताय व्हय?" तो म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

"तसं नाही हो काका. चोर मुद्दाम करतो. इथं चुकून होईल."

"मग लेअर लॉक करून ठेव की," मी म्हणालो. लेअर लॉक केला की त्यातल्या रेषा हलत नाहीत.

"ते कुणीही उघडतं, सर. नुसती कडी लावल्यासारखं आहे ते."

मग मी तिला पोक्तपणे समजावलं. आपण सगळी एका घरातली माणसं आहोत, एका घरात कपाटांना कुलपं लावत नाहीत, वगैरे.

"आमच्याकडं लावतात, सर," ती म्हणाली. "चुलत्यांची पोरं लहान आहेत."

पुन्हा सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. नंतर तिने हेच सगळं व्यवस्थित लिहून मला मेल केलं. मी उत्तर दिलं नाही. खरं कारण साधं होतं. कुणाच्याही ड्रॉइंगमध्ये मनाला येईल तेव्हा शिरायची मला सवय होती आणि ती मला सोडायची नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याचा पंप वेगळ्या जातीचा होता आणि बैठक तातडीने हवी होती. मी तिचं ताजं ड्रॉइंग उघडलं. ते धरणकाठच्या शेतकऱ्यांच्या मोठ्या ऑर्डरचं होतं. तिने काढलेलं, मी तपासलेलं, मालकांनी मंजूर केलेलं. व्यापाऱ्याच्या पंपाप्रमाणे मी भोकं सरकवली आणि हात सवयीने सेव्हवर गेला. मग नवं नाव देऊन पुढचे फेरफार केले आणि ते काम संपवलं. आपल्या हातून काय झालं ते मला तेव्हा कळलंही नाही. इथपर्यंतची चूक कुणाच्याही हातून झाली असती, असं मी पुढे मनाशी फार वेळा म्हटलं.

तिची फाइल लेझरवाल्यांकडे गेली, प्लेटा कापून टेम्पोने आल्या. फोरमनने पहिल्या प्लेटवर पंप ठेवला आणि मला हाक मारली.

"सायेब, हे बसंना की."

"नीट बघ."

"नीटच बघतुय. पंपाचा पाय हितं अन् भोक तितं. पंपाला पाय फाकव म्हनू का?"

दुसरी प्लेट काढली, मग तळातली एक ओढून बघितली. सगळ्या सारख्याच. मालक आले. त्यांनी आवाज चढवला नाही. आवाज चढवण्याइतकी चूक लहान नव्हती.

"ड्रॉइंग कुणाचं?"

फोरमनने कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि खालच्या चौकटीतलं नाव वाचलं. तिला बोलावलं गेलं. त्याच चौकटीत, तिच्या नावाच्या खालच्या ओळीत, 'तपासणारा' म्हणून माझं नाव होतं. ते कुणी वाचलं नाही.

तिने पडद्याकडे पाहिलं. "हे अंतर मी दिलेलं नाही. फाइल कुणीतरी बदललीय."

"कुणी? भुतानं?" मालक म्हणाले.

फोरमन टेपने भोकांमधलं अंतर मोजत होता. त्याने आकडा मोठ्याने सांगितला, आणि मी तो ओळखला. तो त्या व्यापाऱ्याच्या पंपाचा आकडा होता.

"सर," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बॅक फाइल बघा ना. त्यात माझं मूळ असेल."

कॅडची एक रीत असते. ड्रॉइंग सेव्ह केलं की आधीची प्रत तो त्याच फोल्डरमध्ये वेगळी ठेवून देतो. त्या प्रतीला आम्ही बॅक फाइल म्हणतो. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

"मी बघतो," मी म्हणालो आणि खोलीत गेलो. कूलर चालू होता, खोलीत कुणी नव्हतं. फोल्डर उघडला. बॅक फाइल होती. उघडून बघायचीही गरज नव्हती, पण मी उघडली. तिची भोकं बरोबर जागेवर होती.

मला वाटतं, तिथे मी फार वेळ विचार केला नाही. मालक बाहेर उभे होते. इतकी वर्षं ज्या पद्धतीची मी फुशारकी मारली, तीच आमच्या अंगावर आली होती. मी ती फाइल पुसली. मग कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली. बाहेर येऊन म्हणालो, "तसं काही दिसत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी फोरमनच्या हातातल्या टेपकडे बघत होतो.

दुपारी धरणकाठचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन माल न्यायला आला. त्याला काहीतरी सांगणं भाग होतं. मालकांनी खोलीकडे बोट दाखवलं, "त्या मॅडमना विचारा." तो दारात येऊन उभा राहिला. पायात चिखल वाळलेला.

"ताई, चार दिसानं या म्हनताय. पानी थांबतंय व्हय आमच्यासाठी? माझा पंप आज कोरड्यात हाय. ऊस डोळ्यादेखत करपाय लागलाय."

"माझ्याकडून झालं, दादा. माफ करा," ती म्हणाली.

मी शेजारच्या टेबलाशी बसून हे ऐकलं.

तिला ड्रॉइंगवरून काढून डिस्पॅचला बसवलं. ज्या मुलीला लोखंडाच्या जाडीपासून बोल्टच्या आट्यांपर्यंत सगळं कळत होतं, ती मालाची चलनं टाइप करायला लागली. शेडमधून ती जायला लागली की कुणीतरी खिशातला टेप लांबवर ओढायचा आणि एकदम सोडून द्यायचा. टेप खर्रकन आत जायचा. मग दुसरा कुणी सोडायचा. कुणी तोंडाने काही बोलत नसे, त्यामुळे कुणाला काही म्हणताही येत नसे. मी प्रमुख होतो. एकदा ओरडलो असतो तरी ते थांबलं असतं. मी खिडकी लावून घ्यायचो.

काही महिन्यांत तिने नोकरी सोडली. दुसरीकडे मिळेना. एमआयडीसी म्हणजे एक मोठी चाळच आहे. कुठल्या कारखान्यात कुणी काय घोळ घातला, ते संध्याकाळच्या बसमध्ये सगळ्यांना कळतं.

ती गेली आणि मी तिचं जुनं मेल उघडलं. त्यात लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. पक्क्या ड्रॉइंगांचा बंद फोल्डर, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, शेडला फक्त पीडीएफ, बदल केला की नवा क्रमांक, आणि शेवटचा हात कुणाचा लागला त्याची नोंद. पुढे एका मोठ्या पंप कंपनीची माणसं कारखाना बघायला आली. त्यांना ही व्यवस्था फार आवडली. "कुणाची कल्पना?" त्यांनी विचारलं. मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या साहेबांची. एकदा ठेच लागली ना, तेव्हापासून."

मी म्हणालो, "गरज होती, म्हणून केलं."

हे वाक्य मला आजही ऐकू येतं. त्यात विनय होता. चोरीचा माल विनयाने स्वीकारणारा माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

अशी काही वर्षं गेली. या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी लेझर कटिंगवाल्या भाईंचा फोन आला. जुना संबंध, घरोब्याचा माणूस. माझ्याशी ते अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलतात.

"सर, उनो मॅडम तुम्हारे पास थी ना पहले? घरी बसून ड्रॉइंगचं काम करती है. माझी सगळी कटिंगची फाइलं उनकोच देना बोलके सोच रहा हूँ. कायमचं काम आहे. कैसी है? भरवसा ठेवू?"

सांगायची संधी याहून सोपी मिळणार नव्हती. समोर कुणी नव्हतं. फक्त 'ठेवा' एवढंच म्हणायचं होतं.

"काम चांगलं आहे तिचं," मी म्हणालो. "फक्त एकदा तपासून घेत जा."

"बस, समझ गया," भाई म्हणाले आणि फोन ठेवला.

पहिली चूक हाताने झाली होती. बॅक फाइल पुसताना भीती होती. या वेळी तर मला कशाचीच भीती नव्हती, तरीही माझी जीभ तिकडेच वळली. खोटेपणा अंगवळणी पडला होता. त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा पित्त झालंय म्हणालो.

रविवारी मी तिच्या घरी गेलो. पत्ता विचारत विचारत त्या गल्लीत पोचलो. आजूबाजूला मागांचा खडखडाट होता, तिच्या घरातला माग मात्र बंदच होता, त्याच्यावर चादर टाकलेली. पुढच्या खोलीत ती कॉम्प्युटरवर काम करत होती. मला बघून उठली. आईला तेलुगूत काहीतरी म्हणाली. आईने मला पाणी आणून दिलं आणि ती तिथेच दाराशी बसली.

मी सगळं सांगितलं. सेव्ह, व्यापाऱ्याचा पंप, बॅक फाइल, सगळं. बोलता बोलता मी तिला 'तुम्ही' म्हणायला लागलो होतो.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"तुम्ही बॅक फाइल नाही म्हणालात तेव्हाच. मी ते ड्रॉइंग कितीतरी वेळा सेव्ह केलं होतं, सर. बॅक फाइल असायलाच पाहिजे होती. माझं ड्रॉइंग चुकलेलं असतं तरी ती असती. नव्हती म्हणजे कुणीतरी पुसली. आणि बघायला तुम्ही एकटे गेला होता."

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"कुणाला? तुमच्या मालकांना? तुमच्यासमोर?"

शेवटी मी तिला भाईंच्या फोनबद्दलही सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा बदलला.

"म्हणून ते परवापासून फोन उचलत नाहीत होय," ती म्हणाली. "त्यांच्या कामाच्या भरवशावर मी दोन लहान कामं सोडली, सर."

आईने तेलुगूत काही विचारलं. तिने थोडक्यात उत्तर दिलं. आई माझ्या समोरचा रिकामा पेला उचलून आत गेली. चहा काही आला नाही.

"मला माफ करा," मी म्हणालो.

"इथं नको." ती शांतपणे म्हणाली. "इथं मला कुणी काही म्हणालेलं नाही. माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे, मी चुकले नव्हते. जिथं तुम्ही 'काही दिसत नाही' म्हणालात तिथं बोला. त्या भाईंना पण तिथं बोलवा."

"तुम्ही याल?"

"येईन. तुम्ही खरंच बोललात का, ते कळायला नको?"

दुसऱ्या दिवशी, चहाच्या सुट्टीत, मी सगळ्यांना शेडमध्ये थांबवलं. मालकांना केबिनमधून बोलावलं. भाई मोटारसायकलवरून आले होते, त्यांना वाटलं मालात काही तक्रार आहे. ती फाटकाच्या आत स्कूटी लावून उभी होती. पत्र्याच्या सावलीत आली नाही, हेल्मेटही काढलं नाही, फक्त पुढची काच वर केली.

मी सांगायला लागलो. ड्रॉइंग कुणी बदललं, प्रत कुणी पुसली, बंद फोल्डरची कल्पना मुळात कुणाची, आणि भाईंना फोनवर मी काय म्हणालो. वेल्डर पेले हातात धरून उभे होते. कुणाला कुठे बघावं कळत नव्हतं.

मालक म्हणाले, "अहो, हे आत्ता कशाला उकरताय? ते मिटलंय कधीच."

"मॅडमचं मिटलंय व्हय, मालक?" फोरमन म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आन् सायेब, आमी त्येंच्यामागं टेप सोडत हुतो तवा तुमी आत बसून ऐकत हुता की."

"हो," मी म्हणालो. "ऐकत होतो."

भाईंनी खिशातून फोन काढला, पण लावला नाही. ते तिच्याकडे चालत गेले आणि काहीतरी म्हणाले. तिने मान हलवली, हो की नाही ते मला शेडमधून कळलं नाही.

मग मी शेडमधून उन्हात गेलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो. मागे सगळे ऐकत होते.

"मॅडम, तुमचं ड्रॉइंग बरोबर होतं," मी म्हणालो. "चूक माझी होती, ती मी लपवली, आणि तुम्हाला तिच्याखाली चिरडू दिलं. त्या शेतकऱ्याची माफी तुम्ही मागितलीत, ती मी मागायला हवी होती. तुमची वर्षं मला परत देता येणार नाहीत. मी तुमची माफी मागतो."